स्टँडवर हललेले फोटो

"माझा हात हलतोय, की कुणी माझ्या मुळावर उठलंय? एवढंच शोधून द्या," असं म्हणत दादांनी फोटोंचा गठ्ठा तपासनीस बाईंपुढे ठेवला.

खिडकीच्या उजेडात, संथ शटरवर फोटो काढण्यात दादांचा हातखंडा. आता मात्र एकेका चेहऱ्यावर चार-चार भुवया दिसत होत्या आणि गिऱ्हाइकं पाठ फिरवत होती. वडिलांना कंपवात होता. दादा रोज सकाळी हात पसरून निरखत बसायचे. बायको ते हात आपल्या हातात घेऊन म्हणायची, "वय झालं हो. लेकीकडे जाऊन राहू."

"कंपवातच," बाईंच्या डॉक्टर मित्राने निदान ठोकून दिलं.

बाईंनी गठ्ठ्यातून एक फोटो काढला. "ही नात का?"

"हो. कोपरं बरगड्यांशी दाबून, श्वास रोखून, कॅमेरा हातातच धरून काढलाय. उजेड तोच, शटरही तेच."

पोरीची पापणी न् पापणी स्पष्ट होती.

"आणि हे म्हातारं जोडपं?"

"कॅमेरा स्टँडवर लावून काढलं. स्टँडवरचा तेवढाच धड आला."

स्टुडिओत धाकटा भाऊ तडकला. "दादाचा संशय माझ्यावरच! अहो, रोज संध्याकाळी स्टँडचे स्क्रू आवळून घरी जातो मी. सकाळी येतो तोवर वहिनींची झाडलोट उरकलेली असते. त्या जोडप्याच्या वेळीही मी इथेच होतो."

वहिनी म्हणाल्या, "मी तेव्हा लेकीकडे होते. परत येऊन बघते तर ही धूळ!"

"धाकटाच!" डॉक्टर कुजबुजले. "स्टुडिओ त्यालाच मिळणार."

बाईंनी स्टँडवरचा कॅमेरा बोटाने दाबला. तो केसभर झुकला.

"हातातला फोटो स्थिर आणि स्टँडवरचा हललेला. म्हणजे दोष हाताचा नाही, दादा. स्टँडच्या डोक्याखालचा, कॅमेरा धरून ठेवणारा स्क्रू सैल आहे. बटण दाबलं की कॅमेरा झुकतो. संध्याकाळी आवळलेला स्क्रू धाकटा यायच्या आत सैल होतो, आणि तेव्हा इथे झाडलोट करणारं माणूस एकच. ते गावाला गेलं, तेव्हाच फोटो धड आला. धाकटा तर त्याही दिवशी इथेच होता."

दादांनी बायकोकडे पाहिलं. ती नाही म्हणेल, असं त्यांना अजून वाटत होतं.

"नुसतं सांगून ऐकलं असतंत?" ती म्हणाली. "लेकीकडे जायचा विषय काढला की तुम्ही उठून जायचात."

"अगं, मला वाटलं माझा बाप माझ्या अंगात शिरतोय. मी भ्यायलो होतो. आणि तू बघत होतीस."

दादा भावाकडे वळले, पण त्याच्या डोळ्यांत बघायची हिंमत झाली नाही.

"धाकट्या, चुकलो मी. आजपासून माझं अंथरूण इथे स्टुडिओत टाक."