पश्चिमवाऱ्यात आलेलं जहाज

ही उडतउडत कानावर आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मामा आहे, यफेत. मामा खोटं बोलत नाही. खरं तर आता तो फारसा बोलतच नाही.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

एकोणीस जानेवारी. दुपारचे साडेतीन. इंडोनेशियातल्या मालुकूच्या दक्षिणेला, आमच्या बेटावर.

जानेवारी म्हणजे आमच्याकडे पश्चिमवारा. समुद्र नुसता उसळत असतो. पंधरवड्याला येणारं जहाज त्या वेळी बेचाळीस दिवस आलं नव्हतं. तांदूळ केव्हाच संपला होता. लोक कसाव्याचे कंद उकडून खात होते, आणि सुकी मासळी. आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाई नाताळसाठी शेवटच्या जहाजाने घरी गेल्या त्या तिकडेच अडकल्या. केंद्राला कुलूप. गावात एकतीस घरं, त्यातल्या अकरांना कुलूप. हातीपायी धड असलेला जो तो कामासाठी बेट सोडून गेलेला.

आणि मामाची दोर्चे तापाने फणफणली होती.

सात वर्षांची पोर. पाचवा दिवस. आधी हुडहुडी, मग अंगाची भट्टी. त्या सकाळी तिने आईला ओळखलं नाही.

डॉक्टर चौदा तासांवर. तेही जहाजाने.

"नुसते बघत काय बसलात? काहीतरी करा," ओर्पामामी म्हणाली. तिच्या कडेवर सहा महिन्यांचा धाकटा होता.

"काय करू? पोहत जाऊ?"

"जा मग पोहत!"

बाहेर पावसाची रिपरिप चालू होती.

आणि तेव्हाच...

भोंगा वाजला.

लांब. एकदा... दोनदा... तीनदा.

मामी ताडकन उठली. "जहाज!"

शेजारचे लेविनुसकाका लंगडत धावत आले. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, पण वल्हं मारायला अजून कुणाला हार जायचा नाही.

"यफ्या, ऐकलंस ना? होडी काढ! या लाटांत कप्तान आत यायचा नाही, बाहेरच थांबेल. बायकोच्या तोंडाकडे काय बघतोस, पोरीला उचल!"

मामाने दोर्चेला ताडपत्रीत गुंडाळलं. मामीने कपड्यांचं गाठोडं हातात कोंबलं. मामा आणि काका किनाऱ्याकडे पळाले.

एक गोष्ट त्याला तेव्हाच खटकली होती.

जहाज आलं की गावातली झाडून सगळी कुत्री भुंकत किनाऱ्यावर धावतात. पोरंही धावतात.

त्या दिवशी एकही कुत्रं बाहेर आलं नाही.

एकही माणूस बाहेर आला नाही.

पण बुडत्याला काडीचा आधार. मामाने होडी पाण्यात लोटली.

प्रवाळाची रांग ओलांडताना होडी दोनदा उलटता उलटता राहिली. काका पुढे, मामा मागे. मधे ताडपत्रीत दोर्चे, दात वाजत असलेली. पावसाच्या पडद्यात समोरचं काही दिसत नव्हतं.

मग एकाएकी लाटा थांबल्या.

पाणी तेलासारखं सपाट.

आणि समोर जहाज उभं होतं.

पांढरं. उंच. बाजूवर नाव नाही... इंजिनाची घरघर नाही... धूर नाही.

पाऊस पडत होता. पण जहाजाचा कठडा कोरडा होता.

कठड्याला टेकून माणसं उभी होती. तीसचाळीस तरी असतील. कुणी हात हलवत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं.

वरून दोराची शिडी सरसरत खाली आली.

"बाबा..."

लेविनुसकाकांच्या हातातलं वल्हं थांबलं.

कठड्यावर मेसाख होता. काकांचा एकुलता एक मुलगा. सात वर्षांपूर्वी परदेशी मासेमारी जहाजावर कामाला गेलेला. पहिल्या वर्षी तीन फोन आले. मग एकही नाही. ना पत्र, ना पत्ता, ना प्रेत.

गेला तेव्हा तेवीसचा होता.

आताही तेवीसचाच होता.

"काका, थांबा," मामा कुजबुजला. "हा तो नाही. अंगातला शर्ट बघा, जाताना घातलेलाच आहे. काका!"

"माझं पोरगं मला ओळखायला येत नाही होय रे?" काका हसले. रडत होते आणि हसत होते. "सात वर्षं म्हातारीने त्याचं ताट मांडलंय, यफ्या. सात वर्षं."

त्यांनी वल्हं होडीत ठेवलं आणि लंगडा पाय शिडीवर टाकला. अडुसष्ट वर्षांचा तो म्हातारा झरझर वर चढला.

वर पोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मग मेसाख वाकला. दोन्ही हात खाली केले.

"यफेत, पोरीला दे. तापलीय ती."

मामाने विचारलं, "डॉक्टर आहे वर?"

"आहे."

"औषध?"

"सगळं आहे. दे तिला."

मामा नंतर मला म्हणाला, "तेव्हा मला कळत होतं रे. ती माणसं कोण आहेत ते मला कळत होतं. तरी माझे हात आपोआप वर गेले."

दोर्चेने डोळे उघडले. पाच दिवसांत पहिल्यांदा तिची नजर स्वच्छ होती.

"बाबा, वर गार वाटतंय. मी जाऊ?"

त्याने तिला डोक्याच्याही वर उचलून धरलं. मेसाखची बोटं तिच्या केसांना लागली. त्या बोटांतून पाणी ठिबकत होतं.

"परत कधी आणाल?" मामाने विचारलं.

मेसाख आणखी वाकला.

"मेसाख, माझ्या पोरीला परत कधी आणाल?"

कठड्यावरची सगळी माणसं एकदम मामाकडे बघायला लागली. जणू असं काही त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मामाने झटक्यात दोर्चेला छातीशी ओढलं आणि डोळे मिटले. ती किंचाळत होती, "सोडा मला, बाबा! सोडा!"

डोळे उघडले तेव्हा चहूकडे लाटा उसळत होत्या. जहाज नव्हतं. काका नव्हते.

काकांचं वल्हं होडीत पडलेलं होतं. होडी पाण्याने अर्धी भरली होती...

वल्हं कोरडं ठणठणीत होतं.

मामा एकट्याने किनाऱ्याला कसा लागला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. मामी गुडघाभर पाण्यात उभी होती. त्याच्या हातात पोर बघून ती ओरडली, "हिला परत का आणलंत?"

लेविनुसकाकांना गावाने तीन दिवस शोधलं. सरपंचाने टेकडीवर चढून बंदरात फोन लावला. तिकडून सांगितलं, तुमचं जहाज महिनाभर धक्क्यालाच बांधून आहे. या समुद्रात कोण सोडणार?

भोंगा मामा, मामी आणि काका या तिघांखेरीज कुणीही ऐकला नव्हता.

तेवीस तारखेला पहाटे दोर्चे गेली.

दोन फेब्रुवारीला खरं जहाज आलं. नर्सबाई उतरल्या, सगळं ऐकलं आणि मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "गोळ्यांच्या एका पाकिटाचं काम होतं हो."

त्या रात्री मामी मामाशी शेवटचं भरभरून बोलली. "भुताचं असेना का, जहाज होतं ना? डॉक्टर आहे म्हणाले ना? कुठेतरी राहिली असती माझी पोर."



या गोष्टीला चार वर्षं झाली. मी आंबोनला नोकरी करतो. गेल्या वर्षी गावी गेलो, तेव्हा कुलपं लागलेली घरं सोळा झाली होती. नर्सबाईंची बदली झाली, त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. धाकटा आता अंगणात पळतो. मधूनमधून त्याला ताप येतो.

संध्याकाळी मामा त्याला मांडीवर घेऊन बसला होता. कपाळावर हात ठेवून. मी न राहवून विचारलं, "मामा, पुन्हा तशी वेळ आली तर?"



मामा समुद्राकडे बघतच म्हणाला...

"देईन."