फॉर्मॅलिनमधलं पान

मावशी त्या दुपारी नमुन्यांच्या खोलीत गेली ती फक्त एक बरणी आणायला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती तीस वर्षं मदतनीस होती आणि विद्यार्थ्यांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. खरी भाची मात्र एकच, यंदा नव्यानं लागलेली जीवशास्त्राची बाई. दोन वाजता तिच्या प्रात्यक्षिकाची पहिली तपासणी होती. बाहेरून येणारे परीक्षक म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे गृहस्थ. त्यांनी वाईट शेरा मारला तर भाचीची नोकरी पक्की व्हायची नाही, हे शिपायालाही ठाऊक होतं.

खोलीला खिडकी नव्हती. फॉर्मॅलिनच्या वासानं डोळे चुरचुरत होते. फळ्यांवर बेडकांची हृदयं, सशाची फुप्फुसं, माशांचे कल्ले आपापल्या बरण्यांत निमूट बसले होते.

"काय मंडळी, बरं आहे ना?" मावशीनं नेहमीसारखं विचारलं, पानांची बरणी उघडली आणि कपाळावर हात मारला.

पानं साध्या पाण्यात ठेवायची होती. भाचीनं काल घाईत बेडकांबरोबर त्यांनाही फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं होतं.

"अगं, पर्णरंध्रं दाखवायचीत ना तुला? साध्या पाण्यात उघडी, मिठाच्या पाण्यात मिटलेली? मेलेल्या पेशी काय कपाळ उघडमीट करणार!"

मागोमाग आलेल्या भाचीचं तोंड एवढंसं झालं. ही पानं जिथून तोडली त्या कुंडीतल्या रोपाला आता नुसते देठ उरले होते. दोनला दहा कमी होते.

"रडू नकोस. बघते मी," मावशी म्हणाली. काय बघणार, हे तिलाही माहीत नव्हतं. प्रयोगशाळेच्या टेबलाशी येऊन तिनं सवयीच्या हातानं पानाची साल सोलली, काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकला, वरून पातळ काच ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

रंध्रं उघडली. मिटली. पुन्हा उघडली...

मावशीनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. जिवंत पानाची ही श्वासाची छिद्रंसुद्धा उघडायला अर्धा-पाऊण तास घेतात. ही तर एका लयीत हलत होती. खोलीत पंखा बंद होता आणि ऐकू येत होता तो फक्त तिचा स्वतःचा श्वास. त्याच लयीत. तिनं श्वास रोखला.

रंध्रं थांबली.

"मावशी, चालतंय की!" तिला बाजूला सारून भाचीनं डोळा लावला आणि आनंदानं उडीच मारली.

"चालतंय गं... पण कसं चालतंय?"

"ते उद्या बघू. आले ते!"

परीक्षक तीन जिने चढून धापा टाकतच आले. खुर्चीत बसले, डोळा लावला आणि दहा मिनिटं जागचे हलले नाहीत. उठले तेव्हा धाप पार गेली होती. "बाई, इतकं उत्साही पान मी जन्मात पाहिलं नाही," म्हणत त्यांनी 'उत्कृष्ट' असा शेरा लिहिला. भाचीच्या जिवात जीव आला. ती त्यांना घेऊन चहाला बाहेर गेली.

मावशी आवरायला लागली. जाता जाता तिनं एकदा डोकावलं. दिव्याच्या उष्णतेनं काचेखालचं पाणी आटत होतं आणि रंध्रं मिटत होती. पाणी संपलं की पान तसंच करतं, त्यात नवल काहीच नव्हतं.

व्हरांड्यात खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

"मावशी!" भाची किंचाळली. "सरांना श्वास..."

"पाणी नको..." परीक्षकांचा घोगरा आवाज आला. "हवा... हवा..."

मावशी दाराकडे धावली नाही. तिनं ड्रॉपर उचलला आणि काचेच्या कडेला एक थेंब सोडला. रंध्रं सावकाश उघडली. बाहेर कुणीतरी लांबलचक श्वास घेतला.

"हां... बरं वाटलं. जिने फार आहेत हो तुमचे!"

भाचीची नोकरी पक्की झाली. काचपट्टी मावशीच्या कपाटात, झाकलेल्या बशीत, ओल्या टीपकागदावर राहू लागली. सकाळ-संध्याकाळ एक थेंब, रविवारीसुद्धा. "मावशीनं पान दत्तक घेतलंय," भाची सगळ्यांना सांगत सुटली. दर रविवारी मावशी परीक्षकांना फोनही करी. "दम लागत नाही ना?" ते ठणठणीत होते. या फोनांवरून त्यांच्या घरी त्यांची यथेच्छ चेष्टा होई आणि मावशीला ते ऐकून मनापासून हसू येई.

काल रविवार. थेंब टाकून तिनं सहज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लय वेगळी वाटली, ओळखीची वाटली. तिनं श्वास रोखून पाहिला.

पान थांबलं.

मावशीनं घाईघाईनं परीक्षकांना फोन लावला. घंटा वाजत राहिली... वाजतच राहिली. कुणी उचलेना. फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हातानं तिनं ड्रॉपर भरून घेतला.