पाचोळ्यातली कॅलिमा

काचघराचं दार ढकललं आणि मी जागीच थिजले. जमीन लख्ख! एक सुकलं पान नाही. मधोमध हातात झाडू घेऊन तो काचवाला उभा... सकाळी फुटकी काच बसवायला आलेला, आल्या आल्या मला हसवणारा. आता कौतुकाची वाट बघत होता.

“पाचोळा कुठंय?”

“पोत्यात भरला. म्हटलं, तुम्हाला तेवढीच मदत—”

“अहो, त्यात माझी कॅलिमा असेल!”

“कोण?”

“फुलपाखरू! आशियातल्या दमट रानात, ओढ्याकाठी राहतं. पंख मिटले की हुबेहूब सुकलं पान... शिरांसकट, डागांसकट!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मी पोत्याकडे धावले. ही एकच मादी उरली होती, अजून अंडी घातली नव्हती. ती गेली की हे फुलपाखरांचं काचघर चालवणारी माझी आत्या कॅलिमांचं हे दालन बंद करणार होती. अळीपासून वाढवलं होतं मी तिला.

पोतं अलगद आडवं केलं. समोरासमोर गुडघे टेकून आम्ही एकेक पान काढू लागलो.

“रागावलात की तुमचं नाक लाल होतं,” तो पुटपुटला.

“तोंड बंद. आणि श्वाससुद्धा जपून घ्या.”

त्यानं खरंच श्वास रोखला. बोटं बोटांना लागली... दोघांनीही मागे घेतली नाहीत. पोतं रिकामं होत चाललं, तसा माझा धीरही.

अगदी तळाशी एका पानाला पाय दिसले.

त्यानं तळहात पुढे सरकवून तिला उचललं. ती हलेना. मी पिकून काळं पडलेलं केळं तिच्यापुढे धरलं.

“गेली का हो...?” त्यानं विचारलं.

“शू!”

केसाएवढी सोंड उलगडली. केळ्याला टेकली. मग पंख उघडले — निळेशार, वर नारिंगी पट्टा — आणि ती उडून झाडावर बसली. त्याची बाही धरून मी ढसाढसा रडले.

“काच केव्हाच बसली होती,” तो मान खाली घालून म्हणाला. “पाय निघेना. तुम्ही परत येईपर्यंत थांबायला निमित्त हवं होतं... म्हणून झाडत बसलो.”

असा संताप आला! माझा जीव टांगणीला लावला होता या माणसानं — आणि मला मात्र त्याची बाही सोडवेना.

“नुसते बसून राहिला असतात,” मी म्हटलं, “तरी हाकललं नसतं मी.”

“मग... आता बसू?”

“बसा. पण आधी खाली बघा!”