सावलीच्या कारणास्तव

ओरडायला खरं तर मी गेले होते. पण आधी ओरडला तो.

"हलू नका! आहात तिथेच उभ्या राहा!"

बंदराच्या जुन्या धक्क्यावर, जिथे आता एकही जहाज लागत नाही, एक लांबलचक माणूस पालथा पडला होता. डोकं कडेच्या बाहेर, हातात दोरी. हा आता पाण्यात पडणार आणि अहवाल मला लिहावा लागणार, एवढंच माझ्या मनात आलं. मी बंदर कार्यालयाच्या पर्यावरण विभागात निरीक्षक आहे. पाण्यात काहीही पडलं की त्याचा कागद माझ्या टेबलावर येतो.

"अहो, पण—"

"तुमची सावली पाण्यावर पडलीय. अगदी हवी तिथे पडलीय. एकच मिनिट... गेली!" त्यानं दोरी चिमटीत पकडली आणि उठून बसला. शर्टाला पुढून सगळी धूळ. "ऊन चमकलं की ताटली दिसत नाही हो. थँक्यू!"

आजवर लोकांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं होतं, एकदोघांनी केसांचं. सावलीचं करणारा हा पहिलाच. मी रागवायचं विसरले, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

"परवानगी आहे का?" मी शक्य तितक्या जाड आवाजात विचारलं.

"तुमच्याच साहेबांची सही आहे, सरकार."

त्या दिवसापासून मी 'सरकार' झाले. आणि तो 'शिंपलेवाला'.

भानगड अशी होती. बंदरानं हा पडीक धक्का एका सेवाभावी संस्थेला अठरा महिन्यांसाठी दिला होता. संस्था धक्क्याखाली जाड दोर सोडणार आणि त्यांवर शिंपले वाढवणार. शिंपले गढूळ पाणी आत घेतात आणि निवळ बाहेर सोडतात. दोर वळायला मासेमारीची फाटकी जाळी, आणि वळायला, राखायला मासेमारी सुटलेली बारा घरं. पाणी तीन मीटरपर्यंत स्वच्छ झालं, तर करार पुढे दहा वर्षं. नाही झालं, तर नमस्कार.

आणि स्वच्छ किती, ते ठरवणार ती ताटली. दोरीला बांधलेली पांढरी, जड ताटली. हळूहळू पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की "गेली" म्हणायचं. मग वर ओढायची आणि पुन्हा दिसली की "दिसली". दोन्ही वेळच्या खोलीची सरासरी म्हणजे रीडिंग.

"आज नुसता सराव," तो म्हणाला. "खऱ्या रीडिंगला दोर आमच्या माणसाचा आणि डोळे तुमच्या माणसाचे. माझेच शिंपले आणि माझेच डोळे, कसं चालेल? तर... कोणाचे डोळे मिळतील?"

"माझे," मी म्हटलं. आमचा विभागच तो. दुसरं काही कारण नव्हतं. तेव्हा तरी.

महिन्याचा पहिला मंगळवार, सकाळी दहा. मी धक्क्यावर पालथी पडायचे आणि तो माझ्या मागे, थोडा बाजूला, दोर धरून उभा राहायचा. ऊन अडवायला त्याची सहा फुटांची सावली माझ्यावरून पाण्यात उतरायची. पाठ गार व्हायची. मागून आवाज यायचा, "दिसतेय?"

"दिसतेय."

"अजून?"

"अजून... अजून... गेली."

एक मीटर चाळीस. पुढच्या महिन्यात एक साठ. मग एक नव्वद.

इतरांच्या गोष्टींत पाऊस दोघांना एका छत्रीत आणतो. आमच्यात पाऊस पडला की पाणी गढूळ, आणि तीन कोरडे दिवस जाईपर्यंत रीडिंग बंद! एकदा तर सलग दोन मंगळवार पावसानं खाल्ले आणि रीडिंग तिसऱ्यावर गेलं. मी खिडकीशी उभी राहून आभाळाला शिव्या घालत होते.

"शेतकरी पाऊस मागतात," बाबा म्हणाले. त्यांनी तीस वर्षं याच बंदरात जहाजं ओढणारी टगबोट चालवली, त्यामुळे आभाळाबद्दल कुणी वाकडं बोललेलं त्यांना खपत नाही. "आणि तू काय मागतेस?"

"ऊन. कामासाठी."

"हो का? जेवणाच्या ताटलीकडे बघ जरा. भात निवला. दुसऱ्या ताटलीपायी उपाशी राहशील."

बाबांना सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. एकदा त्यानं माझ्या कोपरांखाली घडी घातलेलं पोतं ठेवलं होतं, दगड टोचतो म्हणून. एकदा मी त्याच्या बोटांना दोरीनं पडलेले वळ पाहिले आणि पुढच्या वेळी हातमोजे नेले. "कार्यालयाचे आहेत," मी म्हटलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिले. "कार्यालयाला माझ्या हाताचं माप बरं माहीत!" मी लगेच पालथी पडले. पाण्याकडे तोंड असण्याचा हा एक मोठा फायदा.

अठरा महिन्यांत अठरा रीडिंगं. एवढ्यात माणूस प्रेमात पडतं का? पडतं. मी पडले.

शेवटचं रीडिंग होतं त्या सकाळी वारा नव्हता. दोरीला दर दहा सेंटीमीटरवर लाल खूण होती आणि मीटरला निळी. दोन निळ्या पाण्याखाली गेल्या. तिसरी खाली खाली येत होती आणि ताटली आता नखाएवढी उरली होती, धुरकट.

"दिसतेय?"

"दिसतेय."

मग ती नाहीशी झाली.

तिसरी निळी खूण पाण्याच्या वर होती. एक वीत. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. एक वीतभर गप्प बसले असते, तर तो दहा वर्षं इथे राहिला असता. बघणारी मीच होते. खोटं मला सोडून कुणालाही कळलं नसतं.

"...दिसतेय?" त्यानं पुन्हा विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

दोर थांबला. "नक्की?"

"नक्की."

"बरं. वर घेतो. दिसली की सांगा."

मी बघत राहिले. दोर सरसर वर येत होता आणि मला सगळं हिरवं-पांढरं एकच दिसत होतं. ताटली अगदी पाण्याच्या पृष्ठभागाशी आली तेव्हा कुठे मी "दिसली" म्हटलं.

तो पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "सरकार... डोळ्यांत पाणी आहे तुमच्या."

"ऊन लागलं."

"सावलीत आहात तुम्ही. माझ्या."

त्यानं रुमाल पुढे केला. "पुसा. हे रीडिंग बाद. परत घेऊ."

परत घेतलं. दोन ऐंशीला गेली, दोन ऐंशीला दिसली. मी लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. माझं अक्षर त्या दिवशी भिकार आलं.

"तुम्ही गप्प बसाल असं वाटलं होतं मला," तो दोर गुंडाळत म्हणाला. "बसावं असंही वाटलं. क्षणभरच. मग तुम्ही 'गेली' म्हणालात आणि... मला जास्तच अवघड करून ठेवलंत."

काय अवघड, ते मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. दोघंही शहाणी! असल्या शहाणपणाला जाळायचं की काय करायचं, ते मला पुढचं वर्षभर समजलं नाही.

समितीनं मधला मार्ग काढला. शिंपल्यांचे दोर वर्षभर राहू देत, बारा घरं ते राखतील, वर्षानं पुन्हा एकच रीडिंग, आणि तोवर संस्थेनं आपला माणूस हलवावा. तो दुसऱ्या बंदरात गेला, एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. जाताना ताटली माझ्याकडे ठेवून गेला. "सराव सोडू नका," एवढंच म्हणाला.

मी सोडला नाही. दर पहिल्या मंगळवारी बाबांना धक्क्यावर न्यायचे.

"धरा दोर. जरा डावीकडे व्हा. सावली पडत नाहीये."

"माझी सावली एवढीच आहे, बाई! तुझ्या आईनं लग्नाआधी उंची विचारली नव्हती."

पाणी चमकायचं, डोळे दुखायचे. पाठीवर ऊन पडलं की मला तो आठवायचा, आणि ऊन तर रोजच पडतं. मी त्याला फक्त आकडा पाठवायचे. 'दोन पंच्याऐंशी.' त्याचा यायचा, 'इथे एक वीस.' पुढच्या महिन्यात, 'दोन नव्वद.' 'एक तीस.' त्यापुढे कधी एक शब्द नाही. मी शंभरदा लिहिला आणि शंभरदा खोडला. त्याचा आकडा मात्र मी रात्रीपर्यंत उघडून बघायचे.

अकराव्या महिन्यात बाबांच्या हातातल्या दोराची तिसरी निळी खूण पाण्याला टेकली, आणि ताटली अजून दिसत होती.

आता खरं रीडिंग लागणार होतं, आणि त्याला दोर धरायला संस्थेचा माणूस हवा. संस्थेत माणसं पुष्कळ. कोणालाही पाठवतील. नाव घालून मागावं, तर सरकारी पत्रात तसं चालत नाही. दोन दिवस मी नखं खाल्ली. तिसऱ्या दिवशी पत्र टाईप केलं: 'तरी आपण आपला एक प्रतिनिधी पाठवावा. सावलीच्या कारणास्तव, प्रतिनिधीची उंची सहा फुटांपेक्षा कमी नसावी.'

साहेबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "ही तांत्रिक अट आहे?"

"पूर्ण तांत्रिक, सर."

त्यांनी सही केली. ओठ मात्र दाबून धरले होते.

मंगळवारी दहाला पाच कमी असताना मी धक्क्यावर गेले तेव्हा पोतं आधीच घडी घालून ठेवलेलं होतं. तो कडेला उभा होता. हातात तेच हातमोजे, तळव्याशी विरलेले.

"संस्थेत सगळ्यांना भिंतीशी उभं करून मोजलं," तो म्हणाला. "एकटाच बसलो अटीत."

मला हसायचं होतं. ते जमलं नाही. "बॅग लहान आणलीय तुम्ही."

"दोन दिवसांची. तीन मीटर भरले, तर बाकीचं सामान मागवीन. नाही भरले, तर..." त्यानं वाक्य तिथेच सोडलं आणि दोराशी चाळा करत राहिला.

त्या वेळी मी गप्प बसले नव्हते म्हणून तो गेला होता. आज गप्प बसले, तर पुन्हा जाईल.

"नाही भरले तरी थांबा," मी म्हटलं. "पाण्याचं काय व्हायचं ते होऊ दे. मला तुम्ही इथे हवे आहात."

धक्क्याखाली पाणी चुबुकचुबुक करत होतं. त्याचे कान लाल झाले.

"हे... पत्रात नव्हतं."

"पत्र कार्यालयाचं होतं. हे माझं आहे."

तो एकदम मोठ्यानं हसला, आणि हसता हसताच त्यानं रुमाल काढून माझ्यापुढे धरला. "आधी पुसा. नाहीतर आजचंही बाद होईल. आणि सामान मी मागवतोय, ताटली काहीही म्हणो."

मी डोळे पुसले आणि पालथी पडले. ताटली पाण्यात उतरली. पहिली निळी खूण गेली, दुसरी गेली.

"दिसतेय?"

"दिसतेय."

तिसरी पाण्याला टेकली, आणि बुडाली. खाली खोल पांढरा ठिपका अजून होता. माझ्या मागून तोही वाकून बघत असणार, कारण पाण्यावरची सावली हलायला लागली होती.

मी मान न वळवता, आयुष्यात पहिल्यांदा, त्याला एकेरीत म्हटलं, "हलू नकोस."