तोफूमारूचा डावा कान

सोलापुरात स्वेटर विणणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात, त्या नजरेची डॉ. लक्ष्मीनारायण यन्नम यांना सवय झाली होती. ज्या गावात पंखासुद्धा घामाघूम होऊन फिरतो, तिथे लोकर विकत घेणारा माणूस एक तर बदली होऊन सिमल्याला निघालेला असतो, नाहीतर यन्नम असतो. त्यात घराणं पद्मशाली. आजोबा-पणजोबांचं आयुष्य हातमागावर गेलेलं. "मागावर विणतात ते कापड," असं त्यांची आत्या अजूनही म्हणे, "आणि दोन काड्यांवर विणतात तो टाइमपास."

त्या दिवशी मात्र त्या दोन काड्यांकडे अख्खी अवकाशवस्त्र संशोधन संस्था डोळे लावून बसली होती. यन्नम काचेआड खुर्चीत बसून सुया चालवत होते आणि सुयांवर धागाच नव्हता. काचेपलीकडच्या दालनात छताला टांगलेले दोन पोलादी यंत्रहस्त त्यांच्या बोटांची हुबेहूब नक्कल करत होते. यन्नमांनी इथे एक सुलट टाका घेतला, की तिथे विजेच्या खांबाएवढ्या सुयांवर चकचकीत तारेचा हातभर टाका पडे. विणता विणता ते 'चंद्रामागची टपालनौका' या ॲनिमे मालिकेचं शीर्षकगीत गुणगुणत होते. जपानीत. सुरात नव्हे.

या मालिकेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण यन्नमांसमोर पाच मिनिटं बसलं तर ते तुम्हाला बरंच सांगतील. गलेलठ्ठ पांढरा बोका कप्तान तोफूमारू ताऱ्याताऱ्यांवर टपाल पोचवतो. डोक्यावर दोन कानांची नारिंगी टोपी. टोपीचा उजवा कान सदैव दुमडलेला. तो का दुमडलेला, हे शेवटच्या भागात कळणार, असं मालिकावाल्यांनी पहिल्या भागापासून सांगून ठेवलं होतं आणि जगभरातले चाहते त्या एका कानावर वर्षानुवर्षं जगत होते. पन्नाशी उलटलेले, टक्कल पडलेले, धातुशास्त्रातले मानकरी यन्नमही त्यातलेच. संस्थेच्या बैठकांना ते तोफूमारूच्या मगातून चहा पीत आणि तो मग दुसऱ्या कोणी घेतला तर चहाच घेत नसत.

हे वेड त्यांना मुलीने लावलं. अनुषा यन्नम, खगोलशास्त्रज्ञ, सध्या मुक्काम चंद्राची पलीकडची बाजू. तिथल्या वेधशाळेत ती आणि तिचे तीन सहकारी राहत. ती बाजू पृथ्वीला कधीच तोंड दाखवत नाही, त्यामुळे सगळी बोलणी एका निरोप्या उपग्रहामार्फत चालत. दर शनिवारी बापलेक तो निरोप्या वापरून एकाच वेळी एकच भाग बघत. करार कडक होता: एकमेकांशिवाय पुढचा भाग बघायचा नाही.

शेवटच्या भागाच्या आदल्या आठवड्यात एका उल्केने निरोप्याच्या ठिकऱ्या उडवल्या.

"सर, एक शंका," काचेशी उभे असलेले इम्तियाज बागवान म्हणाले. ते संदेशवहनाचे अभियंते. यन्नम विणत होते ती नव्या निरोप्याची छत्री उघडल्यानंतरचं सगळं त्यांना ठाऊक. उघडण्याआधीचं काहीच नाही. "ही एवढी मोठी संदेशछत्री घडी घालून पिंपाएवढ्या पेटीत बसणार म्हणता. वर गेल्यावर उघडणार कोण?"

"ऊन," यन्नम टाका न चुकवता म्हणाले. "ही स्मृतितार आहे, बागवान. थंड असेपर्यंत गरीब गाय. दाबा, घड्या घाला, काय वाटेल ते करा. अवकाशातलं ऊन लागलं की तिला आपला पहिला आकार आठवतो आणि ती मुकाट तिथे परत जाते."

"पहिला? शेवटचा नाही?"

"पहिला. कोऱ्या तारेला सुयांवर पहिल्यांदा जो बाक द्याल, तो तिचा जन्माचा. त्यानंतर ठोका, तापवा, समजूत काढा, दुसरं काही शिकत नाही. आमच्या आत्यासारखी."

"मग एवढा एकच रीळ का? जोडून घेऊ की आणखी."

"जोडाशी तार सगळंच विसरते. अखंडच हवी. आणि एवढी लांब अखंड तार हा एकच रीळ. दुसरा ओढून तयार होईपर्यंत..."

यन्नम थांबले. पुढचं बागवानांना माहीत होतं. संपर्क तुटला तर ठरलेली मुदत वाट पाहायची आणि परतीच्या यानात बसून निघायचं, असा वेधशाळेचा नियम. परतीची वाट नेमकी फुटलेल्या निरोप्याच्या ठिकऱ्यांमधून जात होती. वेधशाळेतल्या चौघांना एवढंच कळलं होतं, की आवाज बंद झाला. ठिकऱ्यांचं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, कारण सांगायचं ज्याच्यातून, त्याच्याच त्या ठिकऱ्या होत्या. मुदतीआत नवी छत्री वर गेली नाही, तर अनुषा गोफणीतल्या दगडांच्या पावसात यान घालणार होती. नियमाप्रमाणे. बेल्ट लावून.

"होईल, सर," बागवान म्हणाले.

"होणारच," यन्नम म्हणाले. "मी विणतोय."

छत्री झाली. मधोमध सुरुवात करून गोल गोल बाहेर विणत नेलेली, मंगल कार्यालयाच्या मांडवाला लाजवील अशी. तिची घडी झाली, पेटी भरली, अग्निबाण सुटला. सगळं वेळेत.

छत्री उघडायच्या दिवशी नियंत्रण कक्षात संचालिका डॉ. बसवंती बिराजदार पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बिराजदारबाईंचा राग संस्थेत प्रसिद्ध होता, कारण तो कधी दिसत नसे. यन्नम शेजारी बसून हातमोजा विणत होते. खरा, लोकरीचा. पडद्यावर पेटी सावलीतून उन्हाच्या दिशेने सरकत होती.

"सहज विचारते, यन्नम," बिराजदारबाई म्हणाल्या. "तार कोरीच होती ना?"

"कोरीच. गेल्या वर्षी आली, तशी रिळावर..."

यन्नमांच्या सुया थांबल्या.

विणणाऱ्यांच्या धर्मात एक मोठी सोय आहे. चुकलं तर उसवायचं, गुंड्यावर परत गुंडाळायचं आणि मोकळं व्हायचं. उसवलेली लोकर म्हणजे नवी लोकर. गेल्या जन्मी ती स्वेटर होती की कानटोपी, हे कोणी विचारत नाही आणि विणणाराही मनात ठेवत नाही. आयुष्यभर लोकरीशी संसार केलेल्या यन्नमांनीही ठेवलं नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीवर टोपी चढवली होती, आठवतं?"

बिराजदारबाईंना आठवत होतं. यंत्रहस्त नवे आले, तेव्हा यन्नमांनी त्यांची चाचणी म्हणून अनुषाच्या वाढदिवसाला तोफूमारूची टोपी विणली आणि संस्थेच्या पाण्याच्या टाकीला घातली. येणारेजाणारे गाड्या थांबवून बघत. "काढा," एवढंच बाई म्हणाल्या होत्या. पण यन्नमांनी ती काढली त्या हुकमामुळे नव्हे. फोटो बघून अनुषाने चंद्रावरून कळवलं होतं, "पप्पा, तोफूमारूचा उजवा कान दुमडलेला असतो. तुम्ही डावा दुमडलाय. दर वेळी हेच करता." यन्नम डावखुरे होते, नमुना बघून विणताना त्यांच्या हातून नेहमीच आरसा होई. चूक ती चूक. त्यांनी टोपी उसवली होती.

"ती याच तारेची होती?" बाईंनी विचारलं.

"याच. रिळापासून तोडलीच नव्हती, म्हणून उसवून परत रिळावरच गुंडाळली. म्हणजे टोपीचं पहिलं टोक सगळ्यात वर आलं. छत्री मी त्याच टोकापासून सुरू केली. टोपीही मधूनच बाहेर विणली होती. तोच हात, तेच टाके. कान काही वेगळे जोडले नव्हते, टाके सैल-घट्ट घेऊन उठवले होते." ते क्षणभर थांबले. "मॅडम, छत्रीच्या मध्यभागी एक टोपी निघेल."

दिल्लीहून आलेल्या निरीक्षकांनी चष्मा पुसला.

पेटी उन्हात आली. छत्री फुलासारखी उलगडत गेली, कडेपर्यंत ताठ, नितळ, सोन्यासारखी चमकणारी. सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होते. तेवढ्यात तिच्या मध्यभागी काही टाके आखडले, काही सैलावले, एक घुमट वर आला, घुमटाला दोन कान फुटले, आणि डावा कान अगदी सावकाश, जन्माची आठवण काढत, खाली दुमडला.

निरीक्षकांनी परत चष्मा पुसला. "हे काय आहे?"

"मांजर," बिराजदारबाई म्हणाल्या. "बागवान?"

बागवान आकडे बघत होते. त्यांनी हसू दाबलं, ते सगळ्यांना दिसलं. "काही बिघडत नाही, मॅडम. छत्रीच्या समोर मध्यभागी संदेश झेलणारा डबा टांगलेला असतो. त्याची सावली नेमकी मधल्या भागावर पडते. तो भाग तसाही कामाचा नसतो. सरांनी जिथे टोपी घातली, तिथे मुळात डोकंच नव्हतं म्हणा."

यन्नमांनी श्वास सोडला. हातमोजा परत सुयांवर आला.

"हाक घाला," बाई म्हणाल्या.

छत्रीने वेधशाळेला हाक घातली. उत्तर आलं नाही. परत घातली. परत नाही. दिवस मावळला. मुदत संपत आली होती.

"ऐकत का नाहीत?" निरीक्षकांनी विचारलं.

बागवानांच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं. "जुन्या निरोप्याच्या जागी ठिकऱ्या आहेत, म्हणून आपण नवी छत्री बाजूला उभी केली. पण त्यांच्या अँटेनाचा कान अजून जुन्या जागेकडे लागलेला असणार. संपर्क तुटला तर ठरलेल्या जागेवरून कान हलवायचा नाही, असा नियम आहे. आपण त्यांच्या पाठीमागे उभं राहून हाका मारतोय."

"दिसेल की त्यांना. एवढी मोठी आहे."

"दिसेल, साहेब. पण आकाशात काहीतरी चमकतंय म्हणून कोणी नियम मोडत नाही. तुटका तुकडा असेल म्हणतील."

"अनुषा तर नाहीच मोडणार," यन्नम म्हणाले. "ती दुसऱ्याच्या टोपीचेसुद्धा नियम पाळते."

यन्नम विणत राहिले. कितीही विणलं तरी पुढे जाईना. नंतर लक्षात आलं, ते तेच चार टाके उसवून पुन्हा घालत होते.

वेधशाळेतल्या चौघांना निघायला एक प्रहर उरला असताना बागवानांच्या यंत्रावर एक बारीक काटा हलला.

"फिरला," बागवान म्हणाले. "सर, त्यांचा कान फिरला. आपल्याकडे."

खरखर झाली. मग अनुषाचा आवाज आला, दमलेला, पण तक्रारीच्या सुरातला. "पप्पा, डावा कान."

यन्नमांनी हातमोजा मांडीवर टाकला. बिराजदारबाईंनी आधीच बोलायचं बटण दाबलं होतं. "अनुषा, निघू नका. वाटेत निरोप्याच्या ठिकऱ्या आहेत. आम्ही दुसरी वाट देतो."

अंतर पार करून उत्तर यायला थोडा वेळ लागे. "समजलं, मॅडम. निघत नाही. आम्हाला ही चमकणारी वस्तू दिसली, तेव्हा तुकडाच समजलो. सामान यानात चढवलं होतं. शेवटचा फोटो घ्यावा म्हणून दुर्बीण लावली, तर कान दिसले. माझे सहकारी म्हणाले, कोणत्या तरी देशाने तोफूमारूची जाहिरात सोडली असेल. मी म्हटलं, जाहिरातवाल्यांनी उजवा दुमडला असता. जगातला प्रत्येक चाहता उजवाच दुमडतो. डावा दुमडणारा माणूस एकच आहे आणि तो विनाकारण मला टोपी घालायला एवढ्या लांब येणार नाही. म्हणून नियम मोडला."

निरीक्षकांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. ते बिराजदारबाईंकडे वळले. "अहवालात या कानांना काय म्हणायचं?"

"ओळखखूण," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून योजलेली."

"पप्पा," अनुषा म्हणाली, "शेवटचा भाग बघितला नाहीत ना?"

"नाही गं." यन्नमांनी बटण आपल्याकडे ओढलं. त्यांनी पडद्यावरच्या छत्रीकडे बघितलं. उन्हात ती झगमगत होती, आणि मधोमध तो कान, चुकीच्या बाजूचा, कायमचा. जुनी सवय हातात सळसळली. "कानाचं मात्र तुझं खरं आहे. उसवतो, आणि नीट..."

खरखर. मग चंद्राच्या पलीकडून उत्तर पोचलं.

"हात लावून तर बघा."