तोलपादुका

"आता पादुका काढा, पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा," डॉ. जयवंत तिरोडकर म्हणाले.

फिरोज अत्तार नाशिकमध्ये व्यायामशाळा चालवत असे. मांड्या खांबासारख्या. त्याने डोळे मिटले आणि दुसऱ्याच क्षणी तो हातही पुढे न करता तोंडावर कोसळला. खाली जाड गादी होती म्हणून निभावले.

"घरी न्हाणीघरातही असंच झालं, सर," उठून बसत तो ओशाळून म्हणाला. "बायको विचारते, लपून दारू पिता का?"

काचेपलीकडून डॉ. सुमेधा केळुसकर पाहत होत्या. तोलपादुका त्यांनीच तयार केली होती. त्याआधी गोल तळाचे बूट येऊन गेले होते. नुसते चालले की पोटऱ्या पिळदार होतात, असे त्यांच्या जाहिराती सांगत. ते वेड ओसरल्यावर कागदासारख्या पातळ तळाचे, पाच बोटांचे जोडे आले. अनवाणी चालण्याचे सगळे फायदे, फक्त काटा बोचत नाही. त्या पातळ तळात सुमेधाबाईंनी तळसंवेदक बसवले. शरीर कलायच्या आत तळ अगदी सूक्ष्म थरथरे आणि नेमके हवे ते स्नायू आपोआप आवळले जात. आधी धावपटूंनी त्या घातल्या, मग कचेरीतल्या लोकांनी, मग सगळ्यांनीच. पहिले पाऊल टाकणाऱ्या बाळांसाठीही त्या निघाल्या.

फिरोजला पाठवून तिरोडकर आत आले. ते मेंदूतज्ज्ञ होते.

"परदेशातून अशी एकही तक्रार नाही," सुमेधाबाई म्हणाल्या.

"तिथे लोक घरातही पादुका घालून वावरतात. आपण उंबऱ्याशी काढतो. म्हणून आपली माणसं न्हाणीघरात आणि देवळाच्या पायऱ्यांवर पडतायत. परवा सिन्नरच्या एक बाई त्यातच गेल्या."

"पण यांचे स्नायू तर उत्तम आहेत!"

"स्नायूंचा प्रश्नच नाही. तोल सांभाळताना मेंदू तिघांचं ऐकतो: आतला कान, डोळे आणि तळपाय. ज्याचं म्हणणं सगळ्यात बिनचूक, त्याच्यावर तो विसंबतो. बाकीच्यांकडे हळूहळू लक्ष द्यायचं सोडतो. तुमची पादुका कधी चुकतच नाही, मॅडम."

सुमेधाबाई म्हणाल्या, "म्हणजे तिला चुकायला लावायचं. थोडं थोडं. तळपायावरचा विश्वास उडाला की मेंदू झक मारत कानाकडे परत जाईल."

या उपायाला त्यांनी 'उतरती मात्रा' नाव दिले आणि तो पहिल्यांदा स्वतःवर केला. पादुका खोटे संकेत मिसळू लागली, तशा त्या भिंती धरून चालू लागल्या. ओकाऱ्या झाल्या, कोपर सोलवटले. पण शेवटी एके सकाळी त्या अनवाणी, डोळे मिटून, न हलता उभ्या राहिल्या. मग तिरोडकरांनी त्यांना पूर्ण क्षमतेची पादुका घालायला लावून मुद्दाम जोराचा संकेत दिला. काहीच झाले नाही. पाय जागचा हलला नाही.

"मेंदूनं एकदा एखाद्याला खोटारडा ठरवलं, की पुन्हा त्याचं ऐकत नाही," तिरोडकर म्हणाले. "सवय परत लागायची भीती संपली."

कित्येक दिवसांनी सुमेधाबाई मोकळेपणी हसल्या.

"सुरुवात मुलांपासून करू," त्या म्हणाल्या.

"मुलांवर चाचणी झालेली नाही. आधी मोठ्यांचं बघू या."

"मुलं काहीही मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, जयवंत. त्यांची डोकी फुटायची वाट बघायची का?"

त्यांची नात मिहिका चार वर्षांची होती. मुलगी गौतमी म्हणाली, "आई, पादुका काढल्या की ही उभीच राहत नाही. लगेच बसून घेते."

"पडायला घाबरते गं. म्हणूनच तर हे करायचंय."

"तुला खात्री आहे ना?"

"मी स्वतः करून पाहिलंय."

उतरत्या मात्रेचा आदेश देशभरातल्या मुलांच्या पादुकांना दुरूनच, एकदम गेला. पाठोपाठ मोठ्यांच्या. मोठी माणसे धडपडली, कुरकुरली आणि बरी झाली. फिरोज एका पायावर उभा राहून फोटो पाठवू लागला.

आणि मग गौतमीचा फोन आला. "आई, मिहिका उठतच नाहीये."

मिहिका दिवाणाची कड घट्ट धरून जमिनीवर बसली होती. सुमेधाबाईंनी तिच्या पादुका पुन्हा पूर्ण क्षमतेवर आणल्या, तिला उभे केले आणि हात सोडला. ती तोंडावर पडणार, तोच गौतमीने तिला झेलले. पुन्हा उभे केले. पुन्हा तेच.

संध्याकाळी तपासण्या आटोपून तिरोडकर बाहेर आले.

"आपला मेंदू कानाकडे परत गेला, कारण तो पूर्वी कानावर चालला होता. हिनं पहिलं पाऊलच पादुकेत टाकलं. हिच्या मेंदूनं कानाचं कधी ऐकलेलंच नाही. परत जायला जागाच नाही, आणि नुसत्या डोळ्यांवर तोल राहत नाही."

"मग पादुकेवर राहू दे. जन्मभर घालेल."

"तिच्या मेंदूनं पादुकेला खोटारडी ठरवलंय, मॅडम." पादुकेचे ऐकायचे नाही, हे मिहिकाच्या मेंदूला आपणच कायमचे शिकवले, हे सुमेधाबाईंच्या ध्यानात आले.

"शिकेल ना नव्यानं? लहान आहे अजून."

"कानाची आणि पायांची सांगड पहिल्या दोन-अडीच वर्षांत बसते. मग मेंदू ती जागा दुसऱ्या कामाला देऊन टाकतो."

"आणि बाकीची मुलं?"

"ज्यांनी पहिलं पाऊल पादुकेत टाकलं, ती सगळी."

आतून मिहिकाने हाक मारली. सुमेधाबाई उठून तिच्याजवळ गेल्या. मिहिका त्यांच्या पायांकडे निरखून पाहत होती.

"आज्जी, तू चालताना पडत नाहीस. कसं करतेस ते? मला सांग ना, मी पण तसं करते."

कान, डोळे, तळपाय, सगळे सुमेधाबाईंना पाठ होते. त्यातले एकही अक्षर त्या पोरीच्या उपयोगाचे नव्हते. त्या खाली वाकल्या आणि तिच्या पायांतून पादुका काढू लागल्या. मिहिका उत्तराची वाट पाहत राहिली.