इजिप्तच्या बाहुल्याची आंघोळ

वास पहिल्यांदा यशोधनला आला. वय दहाच, पण नाकाच्या बाबतीत घरात त्याचा हात कुणी धरत नसे.

"ताई, हा वास टेबलावरूनच येतोय," तो अवंतिकेच्या कानात कुजबुजला.

टेबलावर वीतभर लांबीचा हिरवट बाहुला होता. हात छातीवर बांधलेले, अंगाला माती चिकटलेली. तो आणणारा सौरव स्टेशनजवळच्या पडाव भागातल्या एका लॉजवर उतरला होता आणि गावातल्या जुन्या वस्तूंच्या शौकिनांकडे फिरत होता. तीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये माणसाला पुरताना असे बाहुले सोबत ठेवत, मेल्यानंतर त्याची कामं करायला, असं त्याने सांगितलं. मग परीक्षाही सांगितली.

"असली चीज ज़बान से चिपकती है, साहब. चाटकर देखिए."

आणि माधवराव आजोबांनी, ज्यांच्या शब्दाला सगळ्या शिंदे की छावनी मोहल्ल्यात मान होता त्या आजोबांनी, तो बाहुला खरंच चाटला! जिभेला चिकटला म्हणून खूशही झाले. अवंतिकेने तोंड फिरवलं.

पण पुढचं ऐकून तिला रडूच यायला लागलं. सौरवला पैसे नको होते, भिंतीवरची तलवार हवी होती. आजोबांच्या पणजोबांनी ती शिंद्यांच्या फौजेत वापरली होती. दर खंडेनवमीला अवंतिकाच ती पुसून, तेल लावून पूजेला मांडायची. आजोबांनी अदलाबदल कबूल केली. चार वाजता येतो म्हणून सौरव बाहुला घेऊन गेला.

मे महिन्याची सुट्टी होती, शेजारची गरिमा सायकल काढून तयारच होती. तिघं सौरवच्या मागोमाग पडावला पोचली आणि लॉजमागच्या भिंतीआड लपली. नाल्याकाठी सौरव एका घमेल्यात काठी फिरवत होता. तो आत जाताच ती पुढे सरकली. घमेल्यात शेण आणि म्हशीचं मूत कालवलेलं होतं, त्यावर माश्या घोंघावत होत्या, आणि त्यात एकाच चेहऱ्याचे सहा बाहुले, जुने दिसावेत म्हणून, भिजत घातलेले होते. टेबलावरचा वास तो हाच, यशोधनने लगेच ओळखलं.

"छी, इसने तो अचार डाल रखा है," नाक दाबून फोटो काढत गरिमा म्हणाली.

आजोबांनी मात्र ते फोटो धड पाहिलेसुद्धा नाहीत. मोबाइलमध्ये काय, काहीही दाखवता येतं, म्हणाले. शौकापुढे मोठी माणसं इतकी आंधळी होतात याचीच अवंतिकेला जास्त किळस आली. ती तडक स्वयंपाकघरात, कडक सोवळं पाळणाऱ्या कुसुमआत्याकडे गेली आणि तिने आत्याला एवढंच सांगितलं, की तो बाहुला मढ्याशेजारचा आहे.

चार वाजता सौरवने बाहुला टेबलावर ठेवला, तेवढ्यात आत्या कढत पाण्याची बादली आणि घासणी घेऊन आली.

"स्मशानातून आलेलं माणूस आमच्याकडे आंघोळीशिवाय घरात फिरत नाही. आधी याला आंघोळ."

"दीदी, धोना मत! क़ीमत चली जाएगी!"

आजोबाही तिला थांबवायला उठले. दुसऱ्या कुठल्या शौकिनाच्या घरी किंमत जाण्याची ही भीती चालली असती, पण आत्यापुढे नाही. आत्याने बाहुला बादलीत बुडवून दोनदा खसाखसा घासला. माती गेली, हिरवा रंग गेला, खाली जिभेला चिकटणारं साधं पांढरं प्लास्टर आणि साच्याची रेघ उघडी पडली. खोलीभर शेणाचा भपकारा सुटला.

सौरव दाराकडे पळाला. त्याचे बूट गरिमाने आधीच लपवले होते. भर उन्हात तापलेल्या डांबरावर तो अनवाणी किती पळणार? मुलांचा आरडाओरडा ऐकून कोपऱ्यावरच्या पोलिसाने त्याला धरलं आणि गरिमाने फोटो पुढे केले.

"त्या घमेल्यात नक्की काय होतं म्हणालात?" आजोबांनी हळूच विचारलं. उत्तर ऐकून ते मोरीकडे धावले. बराच वेळ चुळा भरण्याचा आवाज येत राहिला.

बाहेर येऊन त्यांनी तलवार भिंतीवरून काढली आणि अवंतिकेच्या हातात दिली.

"शेण धुतलं जाईल गं. पण बाहुला खरा असता तर? कुणाच्या तरी थडग्यातून उपसलेली वस्तू, आणि तिच्यासाठी मी ही द्यायला निघालो होतो. ती किळस जात नाहीये. तिघांनी आज घराची लाज राखलीत. ही आता तुझी."

यशोधन आजोबांच्या जवळ गेला आणि त्याने हुंगून पाहिलं.

"आजोबा, अजून एकदा चूळ भरा."